डायनाचं लग्न आणि असईची लढाई

"इथे डायनाचं लग्न झालं!" हे एक वाक्य ऐकण्यासाठी आपली माणसं सात हजार किलोमीटर उडून लंडनला जातात, असं मी म्हटलं तर काही मंडळी माझ्यावर रागावतील. खुशाल रागवावं. तेहेतीस वर्षं खेड्यातल्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलंय, रागावलेले चेहरे मला नवीन नाहीत. आज मला भांडायचंच आहे, आणि भांडण कुणाकुणाशी आहे ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

२०२४ च्या जूनमध्ये मी मुलीकडे इंग्लंडला गेले होते. जावई म्हणाले, "आई, तुम्हाला काय बघायचंय ते सांगा." मी म्हटलं, "सेंट पॉल कॅथेड्रल." त्यांना जरा नवल वाटलं. सासूबाई सोमवारचा उपास करणाऱ्या, त्यांना चर्च कशाला बघायचंय? मी काही बोलले नाही. माझं तिथे एक जुनं काम होतं. एका माणसाचं थडगं पाहायचं होतं.

तिकीट माणशी वीस पौंडांहून जास्त. रुपयांत हिशेब केला आणि छातीत धस्स झालं. (हा हिशेब करायचा नाही असं मुलगी रोज बजावते, पण मास्तरकीच्या पगारावर संसार केलेल्या बाईला ते जमत नाही.) आमच्या पुढे रांगेत एक मराठी ग्रूप होता, पस्तीस-चाळीस जणांचा. परदेशात मराठी कानावर पडलं की कोण आनंद होतो! पण लगेच ऐकू आलं, "देवाच्या दारात तिकीट? काय लोक आहेत!" आता हे आपण बोलावं? आपल्याकडे पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग असते आणि पाय दुखतात म्हणून आपण त्या रांगेत उभेही राहतो. शिवाय तिथे प्रार्थनेला येणाऱ्याला तिकीट नाही. पैसे घेतात ते बघ्याकडून. हा भेद मला तरी बरा वाटला.

आत गेल्यावर त्यांच्या टूर मॅनेजरने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "इथे २९ जुलै १९८१ ला चार्ल्स आणि डायनाचं लग्न झालं. घुमटावरच्या क्रुसापर्यंत उंची ३६५ फूट, वर्षाचे दिवस लक्षात ठेवा. फोटो काढून घ्या, बरोब्बर चाळीस मिनिटांनी बाहेर. मग लंडन आय." झालं! संपलं सेंट पॉल.

मी त्या मुलाला दोष देत नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो. माझं पहिलं भांडण गिऱ्हाइकाशी आहे.

त्या चाळीस मिनिटांत मी दोन प्रकारची वाक्यं ऐकली. तुम्हीही ऐकली असतील, कदाचित म्हटलीही असतील. पहिलं वाक्य असं : "बघा, यांनी कसं जपलंय! नाहीतर आपले लोक!" आणि दुसरं त्याच्या बरोबर उलट : "हे सगळं आपल्याच लुटीच्या पैशातून बांधलंय!" पहिलं म्हणणारे आजोबा होते, दुसरं म्हणणारा बहुधा त्यांचाच नातू. दोघांचाही आवाज खणखणीत आणि दोघांचंही म्हणणं चुकीचं. वर्गात असते तर दोघांनाही उभं केलं असतं.

आधी आजोबांचं घेऊ. इंग्रजांच्या रक्तातच जपणूक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी याच जागेचा इतिहास बघावा. आजचं सेंट पॉल हे जुनं नव्हेच. त्याआधी तिथे एक मोठं मध्ययुगीन कॅथेड्रल होतं. १५६१ मध्ये वीज पडून त्याचा कळस जळाला, तो पुन्हा कधी बांधलाच नाही. शंभर वर्षं ते तसंच बोडकं उभं! आत देवासमोर बाजार भरायचा. व्यापारी सौदे करायचे, माल घेऊन लोक या दारातून त्या दारात जायचे, कारण रस्ता जवळचा पडायचा. यादवी युद्धाच्या काळात तिथे सैनिकांची घोडी बांधली होती. मग १६६६ च्या सप्टेंबरात लंडन पेटलं आणि त्यात ते कॅथेड्रलही गेलं. आपण आपल्या देवळांचं जे काही वाटोळं करतो, तेल ओततो, रंग फासतो, गाळे काढतो, ते सगळे प्रकार त्यांनी त्यांच्या पद्धतीने करून झालेले आहेत.

मग जपायला शिकले कधी? गमावल्यावर शिकले, आणि काम करून शिकले. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनवर आग लावणाऱ्या बाँबचा पाऊस पडला. आजूबाजूचा सगळा भाग जळत होता. घुमटावरही एक बाँब पडला. कॅथेड्रल वाचलं, त्यात नशिबाचा भाग होता, पण त्याहून मोठा भाग होता रात्र रात्र पहारा करणाऱ्या स्वयंसेवकांचा. पाण्याच्या बादल्या, वाळू आणि हातपंप घेऊन ही माणसं छपरावर चढत. त्यात म्हातारे होते, कारण तरुण लढाईवर गेले होते. जपणूक ही अशी असते. "आपले लोक असेच" असं म्हणून पुढच्या फोटोला उभं राहणाऱ्याने निदान एकदा तरी आपल्या गावातल्या देवळाच्या छपरावर चढून पिंपळाचं रोप उपटलं आहे का, ते मनाशी आठवावं.

आता नातवाचं. त्याचा राग मला आवडला, पण राग असला तरी सन-सनावळी चुकून चालत नाही. या इमारतीचा पाया १६७५ मध्ये घातला आणि १७१० च्या सुमारास ती पुरी झाली. बांधकामाचा मुख्य पैसा आला लंडनमध्ये येणाऱ्या दगडी कोळशावरच्या करातून. म्हणजे थंडीत शेकोटी पेटवणाऱ्या लंडनकराच्या खिशातून. आणि त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? पायाभरणीच्या आदल्याच वर्षी, १६७४ च्या जूनमध्ये, रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्याला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणे घेऊन आला होता, व्यापाराच्या सवलती मागायला. लुटणारे तेव्हा आपल्या दारात हात जोडून उभे होते, बाळा! ज्या काळात आपण ताठ उभे होतो, तोच काळ तू लुटला गेल्याचा म्हणून सांगतोस. यात अपमान कुणाचा होतो?

पण थांबा. नातू इमारतीबद्दल चुकला असला, तरी आतल्या संगमरवराबद्दल तो पार चुकीचा नाही. इमारत कोळशाच्या करातून झाली. आतले कितीतरी पुतळे मात्र आपल्या पराभवातून उभे आहेत. लॉर्ड कॉर्नवॉलिसचं स्मारक आहे, सिंध घेणाऱ्या चार्ल्स नेपियरचा पुतळा आहे. सर विल्यम जोन्स हा संस्कृतचा पंडित, त्याचा हात मनुस्मृतीच्या ग्रंथावर ठेवलेला दाखवलाय. ख्रिस्ताच्या देवळात मनू! हे सगळं मान वर करून बघत, आमच्या पिढीचं मराठी माध्यमाचं इंग्रजी अक्षर अक्षर लावत, मी पुढे पुढे जात होते. मुलगी म्हणाली, "आई, मी वाचून दाखवू का?" मी नको म्हटलं. हे मला माझ्या वेगानेच वाचायचं होतं.

मग आम्ही तळघरात उतरलो. या इमारतीचा शिल्पकार ख्रिस्तोफर रेन तिथेच पुरलेला आहे. साधीच शिळा आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय त्याचा अर्थ असा, की याचं स्मारक शोधत असाल तर भोवताली पाहा. मी भोवताली पाहिलं. मधोमध नेल्सन, आणि थोडं पुढे मला हवा होता तो माणूस. कॉर्नवॉल प्रांतातल्या दगडाची भली मोठी पेटी, खाली झोपलेले सिंह. आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८५२ साली तो वारला तेव्हा साऱ्या देशाने त्याची अंत्ययात्रा पाहिली.

जगाला हा माणूस वॉटर्लूसाठी माहीत आहे, नेपोलियनला हरवणारा म्हणून. मला तो माहीत आहे माझ्या जालना जिल्ह्यातल्या असई गावासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह करून मराठी राज्याचा गळा त्यांच्या हातात दिला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना तो मान्य नव्हता. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असईजवळ लढाई झाली. वेलस्ली तेव्हा अवघा चौतीस वर्षांचा होता. वाटाडे म्हणत होते, नदीला उतार नाही. त्याने पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. म्हणाला, इतकी जवळ गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. आणि होता! सैन्य त्याने तिथून पार नेलं. त्याची माणसं मराठ्यांच्या फौजेपेक्षा कितीतरी कमी होती, तरी तो जिंकला. पण त्याचीही दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. उतारवयात त्याला कुणीतरी विचारलं, की लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लू म्हटलं नाही. एकच शब्द उच्चारला : असई.

आणि आपल्या बाजूला काय झालं? सरदार मैदान सोडून गेले. तोफांवरचे गोलंदाज मात्र हलले नाहीत. गोरी पलटण अंगावर आली तरी तोफेजवळच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रू पुढे जाताच उठून त्याच्या पाठीवर तोफा डागल्या. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही, ही शत्रूची साक्ष आहे. त्या गोलंदाजांची नावं? नाहीत. किती मेले त्याचे आकडे इंग्रजांच्या अंदाजाचे. आणि वेलस्लीकडून मेले ते तरी कोण? त्याच्याकडे गोऱ्या पायदळ पलटणी दोन आणि मद्रासी शिपायांच्या पाच. म्हणजे या बाजूलाही आपलेच आणि त्या बाजूलाही आपलेच. संगमरवर मात्र एकाच्याच वाट्याला आला.

मी थडग्यासमोर बराच वेळ उभी राहिलेली पाहून एक स्वयंसेवक जवळ आले. माझ्याच वयाचे असतील, गळ्यात ओळखपत्र. काही मदत हवी का म्हणून विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मी असईजवळची." मला वाटलं, आता हे विचारणार, ते काय? पण त्यांचा चेहरा उजळला! त्यांना असई माहीत होती, साल माहीत होतं, उताराची गोष्टही माहीत होती. उच्चार तेवढा वेगळा. मग त्यांनी अगदी साधेपणाने, काहीही टोचावं असा हेतू नसताना विचारलं, "तुमच्याकडे ती लढाई कशी आठवतात?"

वाचकहो, मी काय उत्तर द्यायला हवं होतं? मी म्हटलं, "तिथे शेतं आहेत." ते म्हणाले, "हो का." आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

वर चाळीस मराठी माणसं डायनाच्या लग्नाचे फोटो काढत होती आणि खाली एक इंग्रज म्हातारा मला असईबद्दल विचारत होता. मला सरकार, शाळा, टूर कंपनी अशा सगळ्यांचा राग आला. पण रागावता रागावता मला १९८६ सालची एक दुपार आठवली आणि राग माझ्यावरच येऊन थांबला.

त्या साली मी सातवीची बेचाळीस मुलं घेऊन असईला गेले होते. नदीकाठी उभं करून त्यांना उताराची गोष्ट सांगितली. एक पोरगा म्हणाला, "बाई, समोरासमोर गावं असली की उतार असतोच, हे आमच्या म्हशीला पण माहीत आहे." सगळे हसले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला विहिरीचं पाणी पाजलं. त्याने सांगितलं, की नांगरताना अजून कधी कधी लोखंडी गोळा निघतो. "मग काय करता त्याचं?" मी विचारलं. "एक दाराला लावलाय, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. बाकीचे भंगारात." मग त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेलं असं बरंच काही तो सांगत होता, कुणाची समाधी कुठे, कोणत्या ओढ्याचं पाणी लाल झालं होतं. मी म्हटलं, "बाबा, मी वही घेऊन परत येते, सगळं लिहून घेते." तो म्हणाला, "या की."

मी गेले नाही. परीक्षा आल्या, बदली झाली, मुलगी आजारी पडली. तीन वर्षांनी कळलं की तो गेला. नाव विचारायचंही राहिलं होतं. गोलंदाजांची नावं दोनशे वर्षांपूर्वी हरवली म्हणून मी आज ओरडते आहे, आणि माझ्या हातातलं एक नाव मीच हरवलं.

म्हणून म्हणते, जपणूक आणि लूट या दोन्ही गोष्टींवर तावातावाने बोलण्याआधी आपली वही उघडून बघू या. त्या कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीच्या मागे एक छोटी जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तळ ठोकून असताना मेलेल्या अठ्ठावीस हजार अमेरिकनांची नावं तिथल्या एका ग्रंथात लिहिलेली आहेत. परक्या देशाची माणसं, पण नावानिशी! संगमरवर महाग असतो हो, पण वही आणि पेन्सिल तर महाग नसते ना?

आता कॅथेड्रलशीही माझं भांडण आहे, ते सोडायचं नाही. देवाचं घर म्हणवणाऱ्या जागेत जिंकलेल्यांचाच दरबार का? गेल्या काही वर्षांत त्यांनी एका विद्यापीठाच्या मदतीने या स्मारकांकडे नव्याने बघायला सुरुवात केली आहे. चांगली गोष्ट आहे. माझं मागणं छोटं आहे. त्या सिंहांच्या पेटीजवळ एक ओळ असावी, की असईला दोन्ही बाजूंनी जे मेले त्यातले बहुतेक हिंदुस्थानी होते आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पुतळे पाडा असं मी म्हणणार नाही. पाडलेल्या पुतळ्याने कुणाला इतिहास कळल्याचं मी पाहिलेलं नाही.

एक कबुलीही देते. याच कॅथेड्रलमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचाही पुतळा आहे. तेवीस वर्षांचा असताना हा असईच्या रणात वेलस्लीबरोबर होता. पुढे पुण्याचा रेसिडेंट झाला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली ती याच्याच डोळ्यांसमोर, याच्याच हातून. पण मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर देशी भाषांतून शाळा निघाव्यात असा आग्रह धरणाराही हाच. मी मराठी माध्यमात शिकले, मराठीतूनच बी.ए. झाले, त्या वाटेच्या सुरुवातीला कुठेतरी हा माणूस उभा आहे. त्याला शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा हे मला ठरवता आलं नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे कबूल करायला लाज वाटू नये. लाज वाटावी ती दोन्हीपैकी एकच बाजू माहीत असल्याची.

संध्याकाळी पाच वाजता तिथे रोजची प्रार्थना होते. आम्ही बसलो. कुणी तिकीट विचारलं नाही. मुलांचे कोवळे आवाज घुमटात वर वर जात होते. मला शब्द कळले नाहीत. मी मनातल्या मनात त्या विहिरीवरच्या बाबांना हात जोडले.

तर माझं म्हणणं एवढंच. लंडनला जरूर जा, सेंट पॉल जरूर बघा, फार सुंदर आहे. पण जाण्याआधी एकदा जालन्याहून भोकरदनच्या बाजूला जा आणि केळणेच्या काठावर उभे राहा. मुलांना घेऊन जा. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल पडले आहेत, ते वाचायला लंडनहून कुणी येणार नाही. आणि गावात कुणी म्हातारं माणूस काही सांगत असेल तर तेव्हाच्या तेव्हा लिहून घ्या. आधी नाव विचारा.

परत आल्यावर मी माझ्या एका विद्यार्थ्याला फोन केला. म्हशीला पण माहीत आहे म्हणणारा तोच पोरगा. आता तो स्वतः मास्तर आहे, पन्नाशीला आला. त्याला म्हटलं, "त्या विहिरीवरच्या बाबांचं घर शोधायचंय. दाराला लोखंडी गोळा असेल." तो म्हणाला, "बाई, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ." मी म्हटलं, "दिवाळी नको. या रविवारी."